सहा एकर, बारा साधक: मठाची शेती कुठून सुरू करावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: त्र्यंबक तालुक्यात तुमच्या गुरूंच्या आश्रमाला सहा एकर जमीन मिळाली आहे, बारा जण कायम राहणार आहेत, आणि दोन वर्षांत अन्नासाठी बाहेरून काही आणावं लागू नये अशी इच्छा आहे. त्यासाठी गायी किती घ्याव्यात, काय पेरावं, आणि साधना न बिघडवता प्रत्येकाने रोज किती तास काम करावं?

मी एकोणीस वर्षं याच भागातल्या एका मठाची शेती, गोठा आणि कोठी सांभाळतो. तुमच्यासारखंच आम्हीही आधी जमिनीकडे पाहिलं आणि मग गायींकडे. अडचण मात्र तिसऱ्याच ठिकाणी निघाली. जमीन तुम्हाला पुरेल. कमी पडतात ते हात, आणि तेही वर्षभर नाही, तर आषाढातले पंधरा दिवस आणि दिवाळीच्या आसपासचे वीस दिवस. त्या पस्तीस दिवसांचं नियोजन ज्या मठाला जमलं त्याची शेती उभी राहते.

माझं सगळं उत्तर काही गोष्टींवर अवलंबून आहे, त्या आधी सांगतो. जमीन गाळाची भातखाचरं आहेत की डोंगरउताराची वरकस? उन्हाळ्यात विहिरीला पाणी असतं का? बारा जणांपैकी कंबर वाकवून काम करू शकणारे किती? तुमच्या संप्रदायात संन्याशाने नांगर धरलेला चालतो का? आणि सातबारा कोणाच्या नावावर आहे? शेवटच्या प्रश्नाचं लगेच सांगून टाकतो. ट्रस्टच्या नावाने शेतजमीन घ्यायची असेल तर कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे परवानगीचा विषय येतो, आणि आपल्या तालुक्यात बरीच जमीन आदिवासी खातेदारांची आहे, ती महसूल संहितेप्रमाणे परवानगीशिवाय बिगर आदिवासीकडे जात नाही. कोणी भक्ताने "वापरा हो, आपलीच आहे" म्हणून दिली असेल तर बांध घालण्याआधी वकिलाला कागद दाखवा.

आता स्वयंपाकघर. काहीही पेरण्याआधी तीन महिने शिधा मोजा. आमच्या कोठीत दाराशी वजनकाटा आहे आणि शेजारी खिळ्याला शिध्याची वही. सकाळी स्वयंपाकाला जे धान्य बाहेर जातं ते तोलून लिहायचं, संध्याकाळी उरलेलं परत आलं तर तेही. पहिल्या वर्षी हे केलं तेव्हा कळलं की आम्ही समजत होतो त्यापेक्षा तांदूळ बराच जास्त लागतो आणि डाळ कमी. अंदाजाने पेरलं असतं तर फसलो असतो.

साधारण हिशेब असा बसतो. कष्ट करणाऱ्या माणसाला दिवसाला ४०० ग्रॅम धान्य धरा. बारा जणांचं वर्षाचं साडेसतरा क्विंटल झालं. त्यात नऊ क्विंटल तांदूळ, तीन क्विंटल नागली (नाचणी) आणि उरलेला गहू. इंद्रायणी भात एकरी पंधरा क्विंटलच्या आसपास धरलं आणि भरडून शेकडा साठ-पासष्ट तांदूळ निघाला, तर नऊ क्विंटलला एक एकर लागतं. पाऊस आणि करपा यांची सूट म्हणून मी पन्नास गुंठे लावायला सांगेन. नागलीला उतारावर तीस गुंठे. गहू मात्र पिकवू नका. त्याला हिवाळ्यात पाच-सहा पाणी द्यावी लागतात आणि आपल्याकडे तेच पाणी उन्हाळ्यासाठी राखायचं असतं. निफाडच्या बाजूला चांगला गहू होतो, सुगीत वर्षाचा एकदम भरावा.

डाळीचं थोडं होतं, पूर्ण नाही. तूर सपाट खाचरात उभी राहत नाही, बांधावर राहते. भात कापल्यावर वाफसा (पेरणीजोगी ओल) असतानाच हरभरा नाहीतर मसूर टाकली तर नुसत्या ओलीवर एकरी दोन-तीन क्विंटल मिळते. तुम्हाला वर्षाला तीन क्विंटल डाळ लागेल, म्हणजे अर्धी घरची, अर्धी विकतची.

तेलाच्या बाबतीत आम्ही चार वर्षं हट्ट केला. आपल्या डोंगराला खुरासणी (कारळे) छान येते, आश्विनात सगळा उतार पिवळा होतो, म्हणून वाटलं की तेल घरचंच खाऊ. पण बारा जणांना दिवसाला पंचवीस ग्रॅम धरलं तरी वर्षाला ११० किलो तेल होतं. घाण्यावर तिसरा हिस्सा तेल निघतं, म्हणजे साडेतीन क्विंटलच्या आसपास बी हवं, आणि उतारावरची खुरासणी एकरी सव्वा-दीड क्विंटलच्या पुढे जात नाही. अडीच एकर फक्त तेलाला कसं देणार? आता थोडी पेरतो ती चटणीपुरती आणि नंदादीपापुरती. मीठ, गूळ, तेल, गहू आणि अर्धी डाळ बाहेरून येते. हे आमच्या महाराजांना मी वहीतले आकडे दाखवून सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "जे आणतो त्याचे पैसे कुठून येतात?" मठाच्या नागलीचे पापड आणि तूप यांतून ते निघतात, आणि दानपेटीला त्यासाठी हात लागत नाही. आमच्यापुरती स्वयंपूर्णतेची व्याख्या तिथे ठरली.

एक मोठी चूक टाळा. या हिशेबात पाहुणे धरू नका. गुरुपौर्णिमेला, श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेला, पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेला माणसं येणारच. २०२७ च्या सिंहस्थात तर त्र्यंबकच्या वाटेवरच्या प्रत्येक ओसरीवर माणूस असेल. पाचशे जणांच्या एका पंगतीला साठ-सत्तर किलो तांदूळ सहज जातो. भंडाऱ्याचं धान्य वेगळ्या कणगीत ठेवा, ते भक्तांनीच आणावं. निवासी साधकांची कणगी त्यासाठी उघडायची नाही. ही शिस्त आम्ही उशिरा लावली, आणि त्याआधी एका वर्षी फाल्गुनातच तांदूळ संपला होता.

पाण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. नाशिक शहरात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आपल्याकडे दोन हजारांच्या वर, आणि तरीही चैत्र-वैशाखात आपल्याच पाड्यांवर टँकर येतो. खाली काळा कातळ आहे, तो पाणी धरत नाही. म्हणून शेततळं. तीस बाय तीस मीटर, तीन मीटर खोल, कागद अंथरलेलं तळं काठोकाठ भरलं तर वीस लाख लिटरच्या आसपास पाणी साठतं. वीस गुंठे भाजीपाल्याला ठिबकवर दिवसाला सहा हजार लिटर लागतं. आणि उन्हाळ्यात तेवढ्या पृष्ठभागावरून रोज पाच हजार लिटरच्या वर नुसती वाफ होऊन जाते! भाजी जेवढं पिते जवळजवळ तेवढंच ऊन पितं. त्यामुळे तळं उथळ आणि पसरट खोदू नका, आणि पश्चिमेच्या बांधावर वारा अडवायला झाडं लावा. आम्ही गिरिपुष्प लावलं. त्याचा पाला आवणीआधी, म्हणजे भाताची रोपं लावायच्या आधी, खाचरात तुडवता येतो, ते खत वेगळं विकत आणावं लागत नाही.

भाजी पावसाळ्यात मांडवावर घ्या: दोडका, पडवळ, दुधी, कारलं. बांधाला अळू. वांगं-टोमॅटो त्या पावसात कुजतात. चातुर्मासात वांगं वर्ज्य असतं, आणि त्याच चार महिन्यांत आपल्या मातीत ते धड येतही नाही, हे मला पहिल्या दोन वर्षांत समजलं. शेवळं, करटोली, टाकळा, कुर्डू या रानभाज्या शेजारच्या पाड्यावरच्या मावश्यांकडून ओळखून घ्या. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही हा नियम पाळायचा असेल, तर परसबागेतला एक तुकडा कुदळीनेच खणलेला ठेवा.

आता गायी. तुम्ही दहा गीर गायींचा विचार करताय असं लिहिलंय. कृपा करून थांबा. गीर चांगलीच गाय आहे, पण ती कोरड्या मुलखातली. आम्हीही सुरुवातीला बाहेरच्या प्रांतातून तीन उंची गायी आणल्या. आषाढ लागला तसा गोठ्याबाहेर चिखल, खूर सतत ओले. खुरांच्या बेचक्यात आधी पांढरट कातडी सुटली, मग वास यायला लागला, मग ती जनावरं पाय टेकेनात. रोज रात्री कंदील घेऊन मी आणि एक ब्रह्मचारी पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्याने खूर धूत बसायचो. एक गाय दगावली. तिचे डोळे मला अजून आठवतात. तो दोष तिचा नव्हता, आम्ही तिला जिथे आणलं तिथला होता.

आपल्या मुलखाची गाय डांगी. काळे-पांढरे ठिपके, काळे कठीण खूर, आणि अंगावर हात फिरवला तर तळव्याला तेलकट लागतं. त्या तेलकटपणामुळे पाऊस तिच्या पाठीवर ठरत नाही, ओघळून जातो. दूध कमी, वेळेला एक-दीड लिटर, दिवसाला दोन-तीन. पण ती भर पावसात चरून येते आणि आजारी पडत नाही. बारा जणांना चार-पाच लिटर दूध पुरतं. चार गायी ठेवल्या तर त्यातल्या दोन दुभत्या असतात. एक बैलजोडी धरून सहा जनावरं. एका जनावराला रोज पाच किलो तरी वाळलं वैरण लागतं, म्हणजे सहांचं वर्षाला शंभर क्विंटलच्या वर. तुमच्या पन्नास गुंठ्यांचा पेंढा पंचवीस क्विंटल सुद्धा होणार नाही. उरलेलं डोंगराचं गवत दिवाळीनंतर कापून गंजी रचावी लागेल, आणि तो डोंगर वनखात्याचा असेल तर आधी विचारावं लागेल. दहा गायी घेतल्यात तर मठ वैरण विकत घेत बसेल आणि त्याला गोसेवा म्हणेल.

सहा जनावरांचं शेण रोज पन्नास-साठ किलो. दोन घनमीटरचा गोबरगॅस त्यावर चालतो आणि सहा-आठ जणांचा स्वयंपाक भागतो. थंडीत गॅस कमी पडतो, तेव्हा चूल पेटते. मळी कुजवून खाचरात जाते. आम्ही राब भाजणं, म्हणजे रोप टाकण्याआधी वाफ्यावर पाला-फांद्या जाळणं, सोडलं, कारण राबासाठी दरवर्षी झाडं सवळावी (फांद्या छाटाव्या) लागायची. त्याऐवजी गादीवाफ्यावर शेणखत घालून रोप टाकतो. बी मिठाच्या पाण्यात बुडवतो, दहा लिटरला तीनशे ग्रॅम मीठ. हलकं बी वर तरंगतं ते काढून टाकायचं, तळचं दोनदा गोड्या पाण्याने धुऊन सावलीत सुकवायचं.

इथवरचा हिशेब एकत्र मांडतो: भात पन्नास गुंठे, नागली तीस, भाजी वीस, तळं बांधासकट चौदा, गोठा-खळं दहा. सगळं मिळून तीन एकर आणि थोडं. उरलेल्या तीन एकरांत गवत, फणस, आंबा आणि मोकळी जागा. ती पेरायचा मोह धरू नका, आणि त्याचं कारण पुढे आहे.

एक एकर आवणीला सवय असलेली बारा ते सोळा माणसं एक दिवस लागतात, रोप उपटणं वेगळं. तुमच्या पन्नास गुंठ्यांना वीस माणूस-दिवस. साधक नवखे, त्यामुळे तीस धरा. बारांतले सात जण खाचरात उतरू शकले तर चार-पाच दिवस. कागदावर सोपं दिसतं. पण पंचांग बघा. ज्येष्ठात रोप टाकायच्या सुमारास निवृत्तिनाथांची पालखी पंढरपूरला निघते आणि दोघं-तिघं वारीला जातात. रोप तीन-साडेतीन आठवड्यांचं झालं की लावायला हवं, आणि नेमकी तेव्हाच, बहुतेक वर्षी जुलैत, गुरुपौर्णिमा येते. मंडप, पंगती, दर्शनाच्या रांगा. सगळे हात तिकडे. एका वर्षी आम्ही म्हटलं, उत्सव होऊ द्या, मग लावू. उत्सव झाला, मग भांडी, मग दोघांना ताप. रोप पंचेचाळीस दिवसांचं झालं, कांडी धरायला लागलं. तसंच लावलं. फुटवे आलेच नाहीत, एका चुडाला दोन-तीन लोंब्या. त्या वर्षी निम्मं भात पिकलं. नांगर, खत, पाणी, सगळं नीट होतं. वीस दिवस चुकले.

आता आमच्याकडे नियम आहे. पौर्णिमेच्या आधी आवणी संपवायची, नाही जमलं तर पौर्णिमेला येणाऱ्या भक्तांना आधीच कळवायचं की दुसऱ्या दिवशी ज्यांना थांबायचंय त्यांनी खाचरात उतरायला थांबावं. महाराज स्वतः धोतर खोचून उतरतात. आवणीत माणूस मागे मागे सरकत जातो, लावलेलं त्याच्या समोर राहतं. रांगेत कोणी बोलत नाही, नाम चालतं, पाण्यात पाय उचलल्याचा आवाज तेवढा. साधनेत खंड पडतो का, असं तुम्ही विचारलंत. आवणीच्या दिवसांत आमचा दुपारचा स्वाध्याय बंद असतो, पहाटेचं ध्यान कधीच नाही. दोन्ही सोडलीत तर मठ आणि शेतावरची टोळी यांत फरक उरत नाही, असं महाराज म्हणतात आणि मला ते पटतं.

शेजाऱ्यांशी सावड करा. आपण त्यांच्या आवणीला जायचं, ते आपल्याकडे येतात. पण सावड म्हणजे सावड. चार दिवस घेतले तर चार दिवस फेडायचे, आणि फेडता येणार नसतील तर गावातली चालू मजुरी रोख द्यायची. हे मी कळकळीने लिहितोय. पाड्यावरची गरीब माणसं मठाला नाही म्हणत नाहीत. त्यांच्या स्वतःच्या खाचराची वेळ चाललेली असताना त्यांना "सेवा" म्हणून राबवून घेणं पाप आहे, आणि तसं मिळालेलं धान्य देवाला दाखवू नये.

रोजचा दिवस साधारण असा. चारला उठणं, साडेचार ते सहा ध्यान आणि काकडा. सहाला गोठा, साडेसातला न्याहारी, आठ ते अकरा शेत. बाराला नैवेद्य, मग जेवण. तीन ते पाच सावलीतलं काम नाहीतर अभ्यास: निवडणं, पाखडणं, बी राखणं. पाच-सहाला पुन्हा गोठा, मग आरती, नऊला निजणं. एरवी प्रत्येकी चार तास काम पुरतं, आवणीत आणि सुगीत सात-आठ. वयस्करांना खाचरात घालू नका, कोठी आणि शिध्याची वही त्यांच्याकडे द्या. आमची वही सत्तरी ओलांडलेले एक स्वामी लिहितात, पावशेरही चुकत नाही.

कामं आळीपाळीने द्यावीत का, हा प्रश्न प्रत्येक नव्या आश्रमात येतो. स्वयंपाक आठवड्याने बदला, भाजीपाला महिन्याने. गोठा बदलू नका. आम्ही समभाव म्हणून दर आठवड्याला नवा माणूस धारेला बसवायचो. गाय अनोळखी हात ओळखते आणि पान्हा चोरते. वासराला सोडलं, ते ढुसण्या देऊन थकलं, तरी सड कोरडे. आता एक जण निदान सहा महिने गोठ्यात असतो, आणि पुढचा माणूस त्याच्या शेजारी महिनाभर नुसता बसतो, गायीला खाजवतो, गूळ देतो. मग हात बदलतात.

नांगर कोणी धरायचा, यावर दोन्ही बाजूंनी बोलणारे भेटतील. संन्याशाने मधुकरीवर राहावं अशी जुनी रीत आहे, आणि लोखंडी तोंडाचं लाकूड भूमीला आणि भूमीतल्या जिवांना मारतं असं मनुस्मृतीतही म्हटलं आहे. आमच्याकडे संन्यासी नांगर धरत नाहीत, ब्रह्मचारी आणि गृहस्थ साधक धरतात. संन्यासी गोठा, बाग आणि आवणी करतात. तुमच्या गुरूंना विचारा आणि जे ठरेल ते पहिल्याच वर्षी सगळ्यांसमोर सांगा. न सांगता चाललं की तरुण ब्रह्मचाऱ्यांच्या मनात अढी बसते, मी ती पाहिली आहे.

पहिल्या वर्षी फक्त वीस गुंठे भात, दहा गुंठे नागली आणि दोन गायी करा. गायी दसरा-दिवाळीच्या सुमारास घ्या, म्हणजे पहिला पावसाळा लागायच्या आत त्यांना गोठा आणि तुम्हाला त्या सवयीच्या होतील. डांगी बघायची तर घोटीच्या बाजारात जा, पण एकटे नको, पाड्यावरचा जाणता माणूस बरोबर घ्या. तो खूर उचलून बघेल आणि पाठीवर हात फिरवून सांगेल. शिध्याची वही उद्यापासून सुरू करा. नागलीचं बी आमच्याकडे राखलेलं आहे, दोन पायली देऊ शकेन. अक्षय्य तृतीयेच्या आधी कळवा, त्यानंतर ते पेरणीच्या वाट्याला बांधून ठेवतो.